डेटाबेसच्या पोटातला जावा

सांडोर, १२ एप्रिल २००२

चि. एरॉल यास गॅब्रिएलमामाचे आशीर्वाद. पुण्याची हवा तुला मानवली, वजनही वाढलं, असं तुझी आई सालोमी सांगते. प्रभूची कृपा. इथे ॲनीमामीचे गुडघे आणि माझं नशीब सोडलं तर सगळं ठीक आहे.

तू इथली नोकरी सोडलीस त्याला तीन महिने झाले. (ती तुला कोणी लावली, हे मी लिहीत नाही.) टँकर कुठल्या बिल्डिंगला कधी जायचा ते ठरवणारा माझा साधा प्रोग्राम तुला जुनाट वाटला. "मामा, माहिती जिथे आहे तिथेच कोड ठेवायचा, ये-जा हवीच कशाला?" म्हणत तू तो जावात नव्याने लिहिलास आणि थेट डेटाबेसच्या आत चढवलास. स्टोअर्ड प्रोसिजर म्हणे. सेबॅस्टियनशेठ मला म्हणाले, "भाच्याकडून शिका काहीतरी." (मी त्यांच्याकडे अकरा वर्षं आहे.)

आता विरारच्या एका सोसायटीने सी विंग बांधली. तुझा जावा बिल्डिंगचं नाव बघतो, विंग बघत नाही. ए विंगला टँकर गेला की त्याच्या लेखी सगळ्यांची तहान भागली. सी विंगच्या हंसाबेन रोज फोन करतात. काल म्हणाल्या, "गॅब्रिएलभाई, तुमच्या कम्प्युटरला आंघोळ लागत नाय, आमाला लागते." मी माफी मागतो. (त्याला जावा लागत नाही.)

दोन ओळी बदलल्या की काम झालं. पण त्या ओळी आहेत कुठे? डेटाबेसमध्ये आहे ते कम्पाइल केलेलं, यंत्राने चावून गिळलेलं. माणसाला वाचता येईल असं मूळ लिखाण तिथे नाहीच. नव्याने लिहावं म्हणून जावाचं जाडजूड पुस्तक आणलं, तर तिसऱ्या प्रकरणातच अडलो. शेठ म्हणाले, "सोमवारपर्यंत नीट करा, नाहीतर मी पुन्हा वहीत नंबर लावतो. मग कम्प्युटरवाला ठेवायचा कशाला?" जूनमध्ये माझ्या एलिनाचं कॉलेज सुरू होईल, फी भरायची आहे. छान पांग फेडलेस. चर्चबाहेर भेटेल त्याला सांगतो, भाचा मूळ कोड न ठेवताच पळाला.

तुझा,
गॅब्रिएलमामा

ता. क. फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस, म्हणून पत्र तुझ्या आईच्या हाती देतोय. मूळ कोडची प्रत तुझ्याकडे असेल तर फ्लॉपीवर घालून तिच्याचबरोबर पाठव. ती रविवारी परत निघेल.

आणखी एक. (हे आईला दाखवू नकोस.) मूळ कोड तू ठेवून गेला होतास. फोल्डरचं नावच होतं, "मामा, हे पुसू नका". कोड आत गेलाय, मग बाहेर पसारा कशाला, म्हणून मीच पुसला. शेठ विचारतील तेव्हा चूक तुझी होती म्हण. तुला दुसरी नोकरी आहे.