येतो हं

३ फेब्रुवारी, रत्नागिरी

कमल, तुझा गुडघा कसा आहे? तेल लावतेस ना, की बाटली फळीवर तशीच? आपल्या तेजलचा खोकला गेला का? नातीला थंड पाणी देऊ नकोस. शेजारच्या भिकाजीच्या डोळ्याचं पाणी थांबलं का? आणि शेळी?

नोकरी आहे तोवर फोन जमा करून घेतलाय, म्हणून या वहीत लिहीन. खोलीशेजारची सगुणा आपल्या देवरूखला जाऊन-येऊन असते, तिच्या हाती ती पाठवीन.

काम झकास आहे. शहरावरच्या सड्यावर, उघड्या कातळावर, नवा वादळ निवारा बांधलाय. तिथे मी आचारी. पातेली एवढी मोठी, की तेजल आत बसून आंघोळ करील. पहारेकरी परमुलखातले, हिंदी बोलणारे, पण गोड पोरं. संध्याकाळी खोलीवर निघताना मी सवयीने "येतो हं" म्हटलं. एकाने ते फाटकाच्या कॅमेऱ्याकडे तोंड करून पुन्हा म्हणायला लावलं. मराठी शिकतोय म्हणे. मीही कौतुकाने म्हटलं.

९ फेब्रुवारी

फाटकाशी मासे घेऊन सोनूबाई येते, मिऱ्या गावची. जिभेची तिखट. माझं कालवण चाखून म्हणाली, आचारीबुवा, बांगडा शिजवलाय की त्याच्यावर सूड उगवलाय? दुपारी बाहेरच्या सावलीत सोबत जेवतो. बांगडा खावा तर तिने. काटा फणीसारखा अख्खा काढते, मग शेपटी वळवून डोक्यात खोचते. नवरा रुसला की असं कडं करून द्यायची म्हणे.

तीच सांगत होती, गावात कुजबूज आहे. निवारा वादळाचा नाहीच, सरकार इथे माणसं कोंडतंय. सड्याची जमीन कोणी विकली हे विचारायला आलेला गावातला पोरगा, नितेश, परत खाली उतरलाच नाही. मी तिला वेड्यात काढलं. माणसं काय लोणचं आहेत बरणीत भरायला? दोघंही हसलो.

पण तांदूळ रोज वाढवायला सांगतात. वादळ तर कुठेच नाही. ताटं भिंतीतल्या खिडकीतून आत जातात. कोणाला, ते दिसत नाही. निवाऱ्याचे साहेब म्हणतात, पाहुणे आहेत.

१५ फेब्रुवारी

सोनूबाई येईनाशी झालीय. तिच्या शेजारणी फाटकाशी चौकशीला आल्या, तर त्यांना हुसकावलं. एकीची पाटी लाथेने उडवली, मासे धुळीत. याच पोरांना मी गोड म्हणालो होतो. मी मासे गोळा करायला वाकलो, तर माझ्यावरही काठी उगारली.

१७ फेब्रुवारी

ताटं परत आली. एकात बांगड्याचा काटा. अख्खा. शेपटी डोक्यात खोचलेली.

ते कडं मी ओळखलं.

साहेबांकडे गेलो. म्हटलं, माणूस धरला तर कारण सांगावं लागतं, कोर्टापुढे न्यावं लागतं. घटनेतलं तेवढं माझं मी वाचलंय. साहेब हसले. धरलंय कोणाला? सगळे आपणहून आलेत. आणि मोबाईलवर दाखवलं. सोनूबाई, रिकामी पाटी डोक्यावर, घरी निघालेली, फाटकाशी वळून म्हणतेय, "येते हं पोरा."

बस्स. ही तिची संमती.

साहेब राजापूरचे, कमल. आपलेच. निघताना आपण कोणी "जातो" म्हणत नाही, अभद्र वाटतं, हे त्यांना ठाऊक आहे. तसं म्हटलं मी. तर म्हणाले, काका, येते म्हणजे येते. मी शिकवलं का तिला?

नितेशही म्हणाला असेल. चांगल्या वळणाचा पोरगा —

मी रोज म्हणतो. कॅमेऱ्यात बघून म्हटलंय.

१८ फेब्रुवारी

"जातो" म्हणायचं ठरवून निघालो. जीभ उचलेना. तुझा चेहरा समोर — ओठ मिटून बाहेर पडलो. मागून पोरगं हसत ओरडलं, चाचा, आज येतो नहीं बोला?

मग दुसरा म्हणाला, रहने दे, पहले का है ना.

१९ फेब्रुवारी, सकाळ

कामावर गेलो नाही. जीप दारात. सगुणा मागच्या परसात उभी आहे, वही तिला देतोय. तिला सांगितलंय, कोणाशी बोलू नको, थेट एसटीत बस.

साहेब जिन्याखालून हाक मारतायत. अगदी आदराने. काका, येताय ना?

सगळ्यांना वाचून दाखव. सोनूबाई आत आहे. नितेश आत असणार. आणखी किती —

तेजलला शिकव, वर्दीसमोर "जाते" म्हण. अभद्र वाटलं तरी — जाते म्हणायचं, बाळा —

जिन्यावर बूट.

गुडघ्याला तेल लाव. लवकर उत्तर धाड, कमल. कुठे धाडायचं ते — पण धाड. लवकर.

सगुणा वही ओढतेय. बरं कमल, ये—