न लिहिलेल्या लेखाचा लेखक

३ मार्च

चि. चिमीस,
अ. उ. आ.

तुझा अहवाल मिळाला. आईने आधी कौतुक करून घेतलं, मग माझ्या हाती दिला. माझी खोड तुला ठाऊक आहे. तळटिपेतला प्रत्येक संदर्भ ग्रंथालयात जाऊन उघडल्याशिवाय मला पुढचं पान उलटवत नाही. एका टिपेत मीच भेटलो. यंत्रामुळे काम गेलेली माणसं वर्षभरात आपसूक सावरतात, असं मी म्हणे एका लेखात सिद्ध केलंय.

चिमे, असा लेख मी लिहिलेलाच नाही! उभा जन्म याच्या उलट ओरडण्यात गेला. तुझ्या त्या कृत्रिम बुद्धीने रचलाय ना? तिचा राग नाही, तिला कुठली आलीय लाज! राग तुझा आलाय. याच टिपेवर तुझ्या कार्यालयाच्या भाषांतर विभागातल्या सगळ्यांना घरी पाठवायची शिफारस केलीस. त्यांच्या पोटावर पाय आणायचा, आणि तोही माझा? खर्च कोणाच्या माथी पडतो, हे आधी विचारायला मी तुला शिकवलं होतं. उलट टपाली उत्तर हवं.

तुझे संतापलेले,
बाबा

९ मार्च

तीर्थरूप बाबांना,
शि. सा. न.

तुम्ही एका पुस्तकाला सहा वर्षं घेतलीत, तेव्हा कोणी घड्याळ लावून बसलं नव्हतं. आम्हाला दर महिन्याला अहवाल द्यावा लागतो. यंत्र वापरलं, सगळेच वापरतात. तुमचं नाव दिसलं तेव्हा फोन उचललाही होता. पण अर्थशास्त्रज्ञ मुलीने बापाचाच लेख वाचला नाही, हे कोणत्या तोंडाने सांगू? म्हणून वाचल्यासारखं केलं.

काल साहेबांना म्हटलं, अहवाल मागे घ्या. ते हसले. अहवाल तपासणाऱ्या तिन्ही तज्ज्ञांनी उत्तम शेरा दिलाय म्हणाले. तज्ज्ञांना गाठलं, तर त्यांनीही तो यंत्राकडूनच वाचून घेतलेला! अख्खा अहवाल वाचणारे तुम्ही एकटेच निघालात. सोमवारी नोटिसा निघणार. माझं नाव हवं तर काढतील, तुमचं ठेवणार. त्याला वजन आहे म्हणे. माझं डोकं फिरलंय. काय करू?

आईला नमस्कार.
तुमची,
चिमी

१३ मार्च

चि. चिमीस,
अ. उ. आ.

तुझ्या साहेबांना मी ईमेलने लेखी हरकत पाठवली. तो लेख तुम्ही लिहिलेला नाही, याचा पुरावा जोडा, असं उत्तर आलं. तेही क्षणार्धात, म्हणजे कोणी लिहिलं ते कळलंच. नफा कार्यालयाचा, चूक कोणाचीच नाही, आणि भोगायचं भाषांतरकारांनी. याला हे लोक विद्वत्ता म्हणतात!

रविवारच्या गाडीने येतोय. सोमवारी नोटिसा वाटायच्या आत भाषांतर विभागात जाऊन, सगळ्यांसमोर, तो लेख खोटा आहे हे सांगणार. तो अहवालात कसा आला, हे मात्र तुला सांगावं लागेल. माझ्या शेजारी उभं राहून, मोठ्याने. नोकरी जाईल बहुतेक. आईने तुझी खोली झाडून ठेवलीय. लोभ आहेच; राग अजून गेलेला नाही.

बाबा