आहेरातल्या कादंबऱ्या

छत्रपती संभाजीनगर,
१२ जून २०२५

प्रिय अतुल,

अक्षयतृतीयेपासून तुझा फोन उचलला नाही, त्याबद्दल आधी माफी. एकाच गावात राहून थोरल्या बहिणीनं असा अबोला धरणं शोभत नाही. पण फोनवर तू भाषण करतोस आणि मी ऐकत बसते, हे आपलं लहानपणापासूनचं आहे. कागदावर तुला मध्ये बोलता येत नाही.

तुझ्या सत्काराची बातमी वाचली. ‘किशोरांच्या मनाचा जाणकार’. फोटोत तू शाळेतल्या मुलींच्या घोळक्यात, खांद्यावर शाल, आणि खाली तुझं नेहमीचं वाक्य : “मुलींनो, नाही म्हणायला शिका.” मला हसू आलं, आणि ते चांगलं हसू नव्हतं. मग रोजनिशीत स्वतःला विचारलं, हा हेवा तर नाही? मीही इतकी वर्षं रोज पानभर लिहिते, मला कुणी शाल घालत नाही. थोडा हेवा असेलही. तो वजा केला तरी बरंच उरतं.

तुझ्या अकराही कादंबऱ्या मी वाचल्यात. बिडकीनच्या अलीकडं-पलीकडं कुठलं तरी खेडं, सायकलवरची हुशार पोरगी, आडमुठा बाप, ठरलेलं लग्न. पोरगी भर मांडवात नाही म्हणते आणि शेवटच्या प्रकरणात बाप ढसाढसा रडून तिचं दप्तर स्वतः उचलतो. बाप इतक्या स्वस्तात सुधारत नाहीत, हे तुला तरी ठाऊक असायला हवं होतं. दाढी करताना आरशात रोज एक दिसतो.

आणि त्या पोरींच्या तोंडची वाक्यं कुणाची? प्रत्येक प्रकरण तू आधी तुझ्या लेकीला, संस्कृतीला, वाचून दाखवायचास, ती पाचवीत होती तेव्हापासून. तिनं जांभई दिली की परिच्छेद बाद. “बाबा, असं कोण बोलतं?” म्हणाली की पेन सरसावायचास, “मग कसं बोलेल, सांग.” तिनं सांगितलेलं तसंच छापून यायचं. ‘मांडवाबाहेरची मुक्ता’मधलं ते गाजलेलं वाक्य, “मला दगड वाचायचेत, कुंडली नाही,” तिचंच. वेरूळची सहल करून आली तेव्हाचं. भूगर्भशास्त्राचं वेड तेव्हापासूनचं.

ते वाक्य तू शाळाशाळांतून म्हणून दाखवतोस, आणि बारावीचा निकाल लागायच्या आत तिची सिल्लोडला सुपारी फोडून मोकळा झालास. तिला अठरा पूर्ण झाली, एवढा कायदा तेवढा पाळलास. मी बोलले तर म्हणालास, “ताई, पुस्तक वेगळं, संसार वेगळा. स्थळ लई चांगलं आहे.”

आता ते चांगलं स्थळ गप्प बसलंय. कुणी कान भरले म्हणून तू विचारत फिरतो आहेस आणि संशय माझ्यावर आहे, असं कळलं. मी नाही भरले. भरायला हवे होते. भरलेस तूच. सुपारीला लोक टॉवेल-टोपी देतात. तू त्यावर स्वतःच्या कादंबऱ्यांचा संच दिलास, सही करून. पाहुणे वाचणार नाहीत, याची तुला खात्री असणार. पण मुलाच्या आईनं, आशाबाईंनी, ‘मुक्ता’ वाचली. मागच्या आठवड्यात त्यांचा मला फोन. “रूपालीताई, व्याहीबुवांचं पुस्तक वाचलं. लई रडले. पण मला सांगा, आपल्या पोरीला कुणी इचारलं का? उद्या आमच्या मांडवात उभी राहून ती नाय म्हणली, तर आम्ही काय करावं? आन् तिला रागवावं तरी कसं? बापानंच शिकवलंय!” त्याच पुढं म्हणाल्या, “पोरगी तिच्या तोंडानं व्हय म्हणंपर्यंत आम्ही तारीख धरत नाय.”

तुझं इतकं मनापासून कुणी वाचलं नसेल. बिचारीला ते खरं वाटलं.

संस्कृती आज संध्याकाळी माझ्याकडं राहायला आली आहे. पळून नाही, गीतानं, तुझ्या बायकोनं, स्वतः बॅग भरून आणून सोडलंय. तिला शोधत फिरू नकोस, यासाठी हे पत्र. माझ्यासमोर तिनं आशाबाईंना फोन केला. “काकू, तुमच्यावर राग नाही, पण मला शिकायचंय. लग्न नको.” पलीकडून आवाज आला, “मांडव पडायच्या आत बोललीस, बरं झालं बाई.” एवढ्यात संपलं. मी भावाचं घर मोडते आहे का, हा प्रश्न स्वतःला तीनदा विचारला. तिन्ही वेळा उत्तर आलं, की घर जागेवर आहे, सुपारी मोडली. गीता माझ्या स्वयंपाकघरात चहा घेते आहे. पत्र तीच आणेल. तुझं जेवण झाल्यावर देते म्हणाली. मी म्हटलं, आधी दे.

तुझीच,
ताई

ता. क. उद्या : संस्कृतीला घेऊन कॉलेजात जाणे, प्रवेशासाठी.