कॉफी तशीच राहिली

प्रिय सुहाद,

थोरलीच्या बाळंतपणाला तू कुवेतला गेलीस आणि इथे करकमध्ये माझ्या बडबडीला आवर घालणारं कुणी उरलं नाही. काल संध्याकाळी मी रुदैनाला पुन्हा तेच ऐकवत होतो, की सोफ्यांचं दुकान विकून टाकतो, माझ्यामागे बघणार कोण? बोलता बोलता कॉफी ओतून दिली, तर पोरीने कप न पिता समोर ठेवून दिला.

"गार झाली का? आण, दुसरी ओततो."

"बाबा, मी मागणं घेऊन आलेय."

मागणं मान्य होईपर्यंत कॉफीला तोंड न लावणाऱ्या पाहुण्यासारखी, तीही स्वतःच्याच घरात! मला हसू आलं. यजमानाच्या रीतीने मी झटकन म्हणालो, "दिलं! पी आता."

"न ऐकताच दिलं? मग मी बोलू कशाला?"

कप तसाच. मग मी गप्प बसलो. खरंच बसलो, सुहाद! दुकान तिला स्वतःला चालवायचंय. वर्षभर ती हेच सांगायला तोंड उघडत होती आणि मी ते कुणाला विकावं यावर तिचाच सल्ला मागत होतो, तोही उत्तराला न थांबता.

बोलून झाल्यावर तिने ती गारढोण कॉफी एका घोटात संपवली. दुकान घेणाऱ्याला मी आज सकाळी नाही म्हणून कळवलं.

हे पत्र पाठवणार नाही. पाठवलं तर पुन्हा मीच बोललो असं होईल. शुक्रवारी तुझा फोन येईल, तेव्हा तू "हॅलो, हॅलो" करत राहशील. लाइन तुटलेली नसेल.

तुझाच,
मुफ्लिह