ज्याचं उत्तर ठाऊक होतं ते रक्त

मंगळवार, ३

भाच्याला कांजिण्या. पाठभर. आणि वहिनीला पाचवा महिना! दादा तिला आमच्याकडे सोडून मुलाजवळ परत गेला.

तिला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का, हे सांगणारं माहेरी कोणी उरलेलं नाही. म्हणजे रक्तच सांगेल. संरक्षण नसेल तर इंजेक्शन याच आठवड्यात हवं. उशीर झाला की त्याचा उपयोग नाही.

संध्याकाळी भाच्याच्या अंगाला औषध लावून आले. मला चालतं. मला होऊन गेल्यात — आई नेहमी सांगते.

बुधवार, ४

वहिनीचं रक्त मीच काढलं. शीर सापडेना. नणंदेला सूड उगवायची बरी संधी मिळाली, म्हणाली. हात बर्फासारखा गार.

गुरुवार, ५

नवं किट उघडलं. आमच्या लॅबची सवय — नव्या किटबरोबर ज्याचं उत्तर ठाऊक आहे असं एक रक्त लावायचं. मी माझंच लावलं.

संरक्षण असलं की किटच्या खळग्यात रक्ताला पिवळा रंग चढतो. वहिनीच्या खळग्यात रंग नाही. माझ्याही नाही!

माझं निगेटिव्ह येणं शक्य नाही. म्हणजे किट खराब. रिपोर्ट अडवला. वहिनीच्या डॉक्टरबाईंना म्हटलं, उद्या देते.

शुक्रवार, ६

झोप लागली नाही. किटसोबत येणारा पॉझिटिव्ह नमुना काल गडद पिवळा आला होता. मी तो पाहिला आणि सोडून दिला.

सकाळी सगळं पुन्हा लावलं. तेच.

किट चांगलं आहे. माझ्याबद्दल मला ठाऊक काय होतं? आईचं एक वाक्य. एक अख्खा दिवस मी त्याच्यापायी घालवला.

डॉक्टरबाई म्हणाल्या, आजच इंजेक्शन. आई आडवी आली. पोटुशीला नसती सुई कशाला? मशीन बिघडलं असेल. मग माझ्याकडे वळून,

"रात्र रात्र तुझ्या उशाशी बसलेय मी. आणि तुला नळ्या खऱ्या?"

मी म्हटलं, "आज तरी नळ्या."

वहिनीने दोघींकडे पाहिलं. चपला घातल्या. "चला," म्हणाली.

इंजेक्शन झालं. माझा निकाल खरा असेल तर लागण मलाही झालेली असू शकते. वहिनीजवळ राहणं बरोबर नाही. लॅबमध्ये रजा टाकली, पिशवी भरली, दादाकडे आले. निघताना आई दारापर्यंत आली नाही.

गुरुवार, १२

आईचा फोन नाही. दादा सांगतो, ती शेजारणींना म्हणते — पोरगी शिकली आणि आईला खोटी पाडायला निघाली.

मला काही झालेलं नाही. रोज आरशात बघते. चूक माझी असेल तर वहिनीला उगाच टोचलं, आणि आईला ते बोलले.

बुधवार, १८

कानामागे फोड. पाण्याने भरलेला. पोटावर आणखी तीन.

आईला फोटो पाठवला. लगेच फोन. वहिनीच्या अंगावर काही नाही, ती मजेत आहे, खाजवू नकोस, ताप किती.

"ज्याच्या उशाशी बसले होते, तो दादाच असेल," शेवटी म्हणाली. "बहुतेक."