बहिणीने पाठवलेलं परत करायचं नसतं

ऑकलंड
१९ ऑगस्ट

प्रिय पिसिला,

तू बरी असशील. मीही बरी आहे. गुडघा कुरकुरतो, चर्चमधल्या बायका त्याहून जास्त. रविवारी तुझी जागा रिकामी होती. मी कुणाला विचारलं नाही, पण पाहिलं.

आता मुद्द्याचं. हॉस्पिटलच्या कागदावर माझ्या नावापुढे नकार कसा लागला, ते मी शोधून काढलं आहे.

जूनमध्ये सेमिसीच्या डायलिसिसच्या खोलीत काय झालं, ते तू दारातून पाहिलंस. तो शिकाऊ डॉक्टर, कॅलम, मागे विद्यार्थ्यांचा घोळका घेऊन आला. मला भावाच्या खाटेशी खुर्ची दिली आणि त्याच्या देखतच विचारू लागला, "भावाला किडनी द्याल का? लघवीचा काही त्रास? बाळंतपणं किती झाली?" आपल्या टोंगाच्या लोकांत बहीण-भाऊ एका सोफ्यावर बसून टीव्हीसुद्धा बघत नाहीत, आणि हा माझ्या बाळंतपणांचा हिशेब मागतोय! मी जमिनीकडे पाहत राहिले. सेमिसीने चादर तोंडावर ओढली. त्या पोराला वाटलं मी बहिरी, म्हणून त्याने तेच पुन्हा ओरडून विचारलं. मी उठून बाहेर आले.

तू एक शब्द बोलली असतीस तर पुरे होतं. तू टोंगातच वाढलीस, तुला सगळं कळत होतं. पण तू म्हणालीस, "चला वन्सं, पार्किंगची वेळ संपली." तेव्हापासून माझ्या मनात पाल चुकचुकते आहे.

स्पष्टच लिहिते. तुमच्या घरच्या लग्नात आणि मयताला मोठी बहीण म्हणून मानाच्या चटईवर मी बसते, ते तुला कधी रुचलं नाही. उद्या माझाच तुकडा नवऱ्याच्या पोटात गेला, तर ही बाई आपल्या घरातून हलायचीच नाही, असं तुझ्या मनात आलं असेल. आलं नसेल तर तसं कळव.

जुलैत मी एकटी हॉस्पिटलात गेले आणि कॅलमला त्याच्या प्रोफेसरबाईंसमोर उभं केलं.

"मी नाही म्हणाले, हे तुला कुणी सांगितलं?"

"तुम्ही निघून गेलात ना."

बाई त्याला म्हणाल्या, "तुला दिसलं काय?"

"त्या खाली बघत होत्या."

"मग तेवढंच सांगायचं. नकार तू पदरचा घातलास."

पोराचे कान लाल झाले. मला बरं वाटलं. पण मग तो म्हणाला, "मी नंतर सेमिसींच्या बायकोला विचारलं होतं. त्या म्हणाल्या, पुन्हा विचारू नका."

म्हणजे तूच! मी तशीच तुझ्या घरी यायला निघाले. बसथांब्यावर तो धापा टाकत मागे आला. "मॅडम, हे मी सांगायला नको, पण त्या रडत होत्या. बहिणीच्या अंगाला सुरी लागलेली सेमिसींना चालणार नाही, हा त्यांचाच निरोप होता."

निरोप त्याचा, मान्य. पण तो पोचवताना तुला जरासं हायसं वाटलं की नाही? हा संशय माझा अजून गेलेला नाही.

त्यानंतर माझ्या तपासण्या झाल्या. या वेळी बंद खोलीत, भाऊ दोन मजले खाली. कॅलमने सगळं खालच्या आवाजात विचारलं. शिकतोय. जुळतं आहे, पिसिला. आणि सेमिसीचं हृदय थकत चाललंय, फार थांबू नका, असं प्रोफेसरबाई म्हणाल्या.

तेव्हा नीट वाच. मोठ्या बहिणीने पाठवलेलं भावाने परत करायचं नसतं. त्याच्यापुढे किडनी म्हणू नकोस, सुरी म्हणू नकोस. फक्त सांग, लोसेलीने घरासाठी काही पाठवलंय आणि ती ते परत घेणार नाही. तो चादर ओढेल. ओढू दे. मग मी त्या मजल्यावर नसताना कॅलमला त्याच्या तोंडून होकार ऐकू दे.

भुलीची मला भीती वाटते. हे त्याला कळता कामा नये.

ऑपरेशनच्या दिवशी त्याच्यापाशी सगळं चर्च गोळा होईल. तू माझ्या खोलीत बस. मी शुद्धीवर येईन तेव्हा तू मला समोर दिसायला हवीस.

तुझ्यावर नजर ठेवून असलेली,
तुझी नणंद
लोसेली