वाटून टाकलेली गल्ली

३ नोव्हेंबर
नोकरी मिळाली, घर मिळालं, आणि दोन्हींमध्ये चालत जाण्याइतकंच अंतर. मोजणी कचेरीत मी एकटीच मुलगी. मोजणीच्या दुर्बिणीची तिपाई मी स्वतःच उचलते हे पाहून भुवया वर गेल्या. घर तळमजल्यावर, दोन खोल्यांचं. भिंती सरळ आहेत. ओळंबा लावून पाहिला. स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला खिडकी नाही, एवढीच उणीव. आई सामान लावताना कुरकुरली, की तू आधीच घुमी, त्यात दिवसभर बाहेर, मग मी काय भिंतींशी बोलू? पण खूश आहे. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच तिने पडद्यांना इस्त्री केली.

७ नोव्हेंबर
पहिलं काम आमच्याच रांगेतल्या घरांचं निघालं. दोन समांतर रस्ते, मधे पाठीला पाठ लावून घरांच्या दोन रांगा. रस्त्यापासून रस्त्यापर्यंतची रुंदी बाहेरून मोजली, मग आतून एकेक खोली, एकेक भिंत. आतली बेरीज कमी भरते. थोडीथोडकी नाही, मधून एक हातगाडी सहज जाईल. पुन्हा मोजलं. तेच.
नकाशे काढणाऱ्या वयस्कर गृहस्थांना सगळे काका म्हणतात. काम करताना ते फोन खणात ठेवतात, म्हणून मीच उठून त्यांच्या टेबलाशी गेले. ते हसले. म्हणाले, चूक वाटून टाक. प्रत्येक घर थोडं थोडं रुंद दाखव, इथे सगळ्यांनी तेच केलंय. एकटीने खाल्लं की पोट दुखतं, पोरी.
वाटायची चूक बोटभर असते. ही चूक नाही, जागा आहे. मी नकाशात दोन रांगांच्या मधे रिकामी पट्टी सोडली आणि सही केली.

११ नोव्हेंबर
आईला शेजारीण मिळाली. मागच्या भिंतीपलीकडून बोलते म्हणे. स्वभावाने गोड, पण फार खोकते. त्यांच्याकडे सगळेच खोकतात. आईने तिला माझं कौतुक ऐकवलं, की आमची पोर मापात चुकत नाही. त्यावर ती म्हणाली, ते आम्हाला ठाऊक आहे.
मी भिंतीला हात लावला. कोमट लागली, दुपारभर ऊन खाल्ल्यासारखी. त्या भिंतीला ऊन लागायला पलीकडे मोकळं काही नाही.

१४ नोव्हेंबर
काकांना विचारलं. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. म्हणाले, पूर्वी तिथे गल्ली होती. साथ आली, तेव्हा तिची दोन्ही तोंडं विटांनी बंद केली. माणसांसकट. साथ सरली, पण विटा काढून आत बघायची कोणाची छाती झाली नाही. पुढे मोजणी आली. गल्ली दाखवायची, तर आतल्यांचं काय झालं ते सांगावं लागणार. म्हणून मोजणाऱ्याने तिची रुंदी दोन्हीकडच्या घरांना वाटून दिली. पुढच्यांनीही तीच री ओढली.
मग त्यांनी विचारलं, तू चूक वाटून टाकलीस ना? मी नाही म्हटलं. त्यांनी नकाशा पुढ्यात ओढला. मग विचारलं, दिवसा घरी कोण असतं?

१५ नोव्हेंबर
स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला खिडकी आहे. जुनी, रंग उडालेली. आई म्हणते पहिल्यापासून आहे, तुझं लक्ष कुठे असतं. आज बाहेर ढग आहेत. खिडकीपलीकडे ऊन.
गल्लीची रुंदी नजरेने मोजली. मी नकाशात सोडलेल्या पट्टीएवढी.
दारांत बायका बसल्या होत्या, तोंडाला फडकी बांधून. ओळखीच्या माणसाकडे बघावं तशा माझ्याकडे बघत होत्या.
खिडकीला खिळे ठोकले. आई रुसली.

१६ नोव्हेंबर
खिळे ओट्यावर ओळीने ठेवलेले. खिडकीच्या जागी दार. उघडं. आईच्या चपला नाहीत.
हाक मारली. लांबून तिने ओ दिली — आणि खोकली.
फोनवर काकांचा निरोप. घाबरू नकोस, तुझी पट्टी पुसतो, आत्ताच वाटायला बसलोय, संध्याकाळपर्यंत मिटेल.
आई आत आहे. काकांना फोन लावतेय, लावतेय. खणात वाजत असणार —

गल्लीत
मोजणीच्या टेपचं टोक दाराच्या कडीला बांधून आत आले. आई एका पायरीवर बसली आहे. अंग तापलंय. उठत नाही. तिपाई उचलते मी, आईला का नाही —
येताना दोन्ही हात पसरून चालले होते. आता तळवे दोन्ही भिंतींना टेकतात. काका गल्ली वाटतायत. घराघराला थोडं थोडं.
बायका जवळ आल्या. म्हणतात, पट्टी सोडलीस, पण रिकामी का सोडलीस? आम्ही कुठे आहोत त्यात? मी म्हटलं, नकाशात माणसं दाखवत नाहीत. त्या म्हणाल्या, मग तूही —

टेप ओढला. सैल आला. कडी नाही. टोकाला विटेची माती.

कोपरं पसरता येत नाहीत. वही उभी धरून लिहिते आहे, आडवी मावत नाही. आई पाठीला टेकली आहे, की भिंत, कळत नाही. दोन्ही कोमट. काका, फोन उच